टेबलावरची गोफण

३ जानेवारी, शुक्रवार

नाही. नाही म्हणजे नाही! ‘राखण’ कन्सोलवर जाणार नाही. निदान मी जिवंत आहे तोवर तरी नाही.

सकाळी चेन्नईच्या कंपनीची मेल आली. तुमचा गेम आवडला, आम्हाला तो कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर, आणायचा आहे, ३१ तारखेपर्यंत दोघांचा होकार कळवा. दोघांचा — म्हणजे माझा आणि धर्मेंद्रचा. कोड माझा, चित्रं आणि आवाज त्याचे. मी अमरावतीत, तो अकोल्यात. इंजिनिअरिंगला एका बाकावर बसायचो तेव्हापासून भांडतोय, त्या भांडणातूनच हा गेम झाला.

‘राखण’ म्हणजे शूटरच, फक्त बंदूक नाही. ज्वारीचं वावर, मधोमध मचाण, मचाणावर हाफपँटमधला एक पोरगा आणि त्याच्या हातात गोफण. राघूंचे थवे येतात, माकडं येतात, रानडुकरं येतात. गोटा मारायचा, हाकलायचं. जीव कोणाचाच जात नाही. शेवटच्या पातळीत एक मोकाट गोऱ्हा वावरात शिरतो. त्याला लागू द्यायचं नाही, गोटा बसला पाहिजे फक्त गळ्यातल्या घंटीवर! घंटी वाजली की तो बुजून पळतो आणि आपण जिंकतो. ही बाबांच्या लहानपणची, हिवरखेडला घडलेली खरी गोष्ट आहे.

घंटी आजवर एकशे बारा जणांनी वाजवली. सगळे माउसवाले. मी स्वतः चाळीसात एकदा वाजवते, आणि गेम मी लिहिलाय. हे आता सोफ्यावर लोळून, अंगठ्यांनी करणार म्हणे. करा!

४ जानेवारी

धर्मेंद्रचे सतरा मेसेज. एकही उघडला नाही. (एक उघडला गेला. चुकून.)

५ जानेवारी, रविवार

फोनवर पाऊण तास भांडलो. आई दोनदा दारापर्यंत येऊन गेली, बहुतेक बघायला की मी कोणाला खाल्लं की काय.

माझं म्हणणं साधं आहे. माउस म्हणजे मनगट. नजर जिथे जाते तिथे हात जातो, हातासोबत स्क्रीनवरची नेमाची फुली जाते. कंट्रोलरवर काय आहे? दोन इवल्याशा दांड्या. अंगठ्याने फुली ढकलत न्यायची, बंद पडलेली स्कूटी ढकलावी तशी. मग नेम लागत नाही, मग लोक रडतात, मग कंपन्या गेमलाच सांगतात की बाबा रे, तूच थोडा नेम धरून दे. हे म्हणजे दहावीच्या केंद्रावर खिडकीतून कॉपी पुरवणं झालं! शंभर टक्के निकाल, आणि येत कोणाला काहीच नाही.

हे सगळं मी त्याला मुद्देसूद सांगितलं. म्हणजे ओरडून सांगितलं.

तो म्हणाला, “अवं गीते, अर्धी दुनिया टीव्हीपुढे बसून खेयते. त्यायनं काय पाप केलं?”

मी म्हटलं, त्यांनी दुसरे गेम खेळावेत. गाड्या पळवाव्यात.

“आन तुहा गेम कोन खेयते, सांग बरं? तुह्यासारखेच. खोलीचं दार लावून बसनारे.”

हे लागलं. मी म्हटलं, अकोल्याची गरमी जानेवारीतही डोक्यात जाते का रे? तो हसला नाही. धर्मेंद्र हसत नाही तेव्हा समजायचं की पुढे काहीतरी वाढून ठेवलंय. म्हणाला, पुण्याच्या एका स्टुडिओतून बोलावणं आलंय, एक फेब्रुवारीला रुजू व्हायचं आहे. “कन्सोल झालं तं मी अकोल्यातच राह्यतो, आपन पुढचा गेमही करू. नाई झालं तं जातो. एकशे बारा लोकायसाठी राघू काढत नाई बसत मी आता.”

मी म्हटलं, जा!

आता वाईट वाटतंय. त्याचे राघू फार चांगले असतात. प्रत्येकाची मान वेगळी वळते. तो गेला तर मी काय, चौकोनी राघू उडवू?

७ जानेवारी, मंगळवार

वादात साक्षीदार हवा म्हणून आज बाबांना खोलीत बोलावलं. गोफणीतले एकमेव तज्ज्ञ! कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी कशात तज्ज्ञ म्हटलेलं नाही, त्यामुळे चष्मा पुसून, शर्टाची वरची गुंडी लावून आले. खुर्चीवर बसले. माउस धरला. सहा गोटे मारले, सहाही ज्वारीत. सातवा मचाणाच्या खांबाला लागला.

“खेय चांगला हाय,” बाबा म्हणाले. “माहा हात आता पयल्यासारखा राह्यला नाई.”

मग गोष्ट सुरू झाली. मला ती पाठ आहे, तरी पुन्हा ऐकली. “मी मचानावर. ओटीत चार गोटे. तीन राघूयवर गेले, एक राह्यला. तितक्यात कोनाचा तरी गोऱ्हा जवारीत घुसला. दोन वावरं पलीकडे! मारावं तं मुकं जनावर, नाई मारावं तं पीक जाते. मंग मी घंटीवर नेम धरला. टन्नकन वाजली! गोऱ्ह्याले खरोच नाई!”

मी म्हटलं, बाबा, हाफपँटला कुठली ओटी?

“अवं, म्हनाची पद्धत असते.”

घरात अशी रीत आहे की बाबांनी ही गोष्ट काढली की आईला स्वयंपाकघरात काहीतरी आठवतं. आज मात्र ती चहा घेऊन उंबऱ्याशी उभी होती. माझा हात माउसवर पुढे-मागे चाललेला बघत होती. म्हणाली, “गोफन टेबलावर घासून राहिली काय व?”

बाबा खो खो हसले. मीही हसले. आईने कप उंबऱ्यावर ठेवला आणि गेली.

कप उंबऱ्यावर का, हे लिहायला हवं. कधी लिहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी झाडताना तिचा झाडू वायरीत अडकला, कॉम्प्युटर बंद पडला आणि माझं चार दिवसांचं काम गेलं. काम जपून न ठेवणं ही चूक माझी, पण बोलले मी तिला. ‘तुला यातलं काही कळत नाही, पुन्हा या खोलीत कशाला हात लावू नकोस.’ तेव्हापासून चहा उंबऱ्यापर्यंत येतो. मी ते शब्द मागे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर खोलीत कोणी येत नाही हे माझ्या सोयीचंच झालं.

११ जानेवारी, शनिवार

धर्मेंद्र आला! न सांगता! अकोल्याहून मोटारसायकलवर, पाठीवर बॅग, बॅगेत गोधडीत गुंडाळलेला कन्सोल. मूर्तिजापूरपर्यंत थंडीने बोटं गोठली म्हणाला. आईने लगेच त्याला हात शेकायला शेगडीपाशी बसवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला बोलावून गारठवलं.

त्याने कन्सोल बैठकीतल्या टीव्हीला जोडला. आठवडाभर राबून ‘राखण’ कशीबशी त्यावर चालवलीये पठ्ठ्याने. माझ्याच कोडमध्ये हात घालून! आणि काय केलंय — फुली काढून टाकली! स्क्रीनवर नेमाची खूणच नाही. उजवी दांडी अंगठ्याने गोल गोल फिरवायची, तशी गोफण फिरते. मागचं बटण दाबून धरलेलं असतं. ते सोडलं की गोटा सुटतो.

“नेम कुठे धरायचा?” मी विचारलं.

“नाई धराचा.”

मी खेळले. ते इथे नोंदवण्यासारखं नाही. एक गोटा मागे गेला. मागे! मचाणाच्या मागे तर आम्ही वावरच बनवलेलं नाही, तो कुठे पडला देव जाणे. धर्मेंद्रलाही धड जमत नव्हतं, पण तो हसत होता. म्हणाला, “नेम वाईट हाय, पन मजा येते का नाई?” मी म्हटलं, मजा आणि नेम यांत फरक असतो, म्हणूनच गोफण वेगळी आणि विटीदांडू वेगळा.

आई चटईवर बसून तुरीचे सोले काढत होती. टीव्हीवर तिची मालिका लागायची वेळ, पण ती सोलतच राहिली. गोफण फटकन वाजली तशी मान वर न करता म्हणाली, “हा आवाज गोफनीचा नाई. पट्ट्याचा हाय.”

धर्मेंद्रचा चेहरा बघण्यासारखा झाला. खरंच पट्ट्याचा आहे! न्हाणीघरात कमरेचा पट्टा आपटून त्याने तो रेकॉर्ड केला होता. दोन वर्षांत एकाही खेळणाऱ्याने ओळखला नाही. “काकू, तुमाले कसं कयलं?” तर आई म्हणाली, “कान हायेत न मले,” आणि सोल्यांचं ताट उचलून आत गेली.

१२ जानेवारी

सोल्यांची भाजी तीनदा मागून खाऊन धर्मेंद्र गेला. कन्सोल इथेच ठेवून गेला. म्हणे बॅग जड होते. येताना जड नव्हती!

१४ जानेवारी, संक्रांत

धर्मेंद्रचा मेसेज : तिळगूळ घे, कन्सोलवर ये. उत्तर दिलं नाही. तीळ खाल्ले.

१८ जानेवारी, शनिवार

आज आमच्याकडे हळदीकुंकू. आणि जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय, जरी मी चिडलेली आहे.

दुपारी मी बैठकीत कन्सोल तपासत होते. फक्त तपासत! आईने वाणाच्या गाळण्या काढायला हाक मारली म्हणून उठले आणि टीव्ही तसाच राहिला. कॉलनीतल्या बायका आल्या, सतरंजीवर बसल्या आणि समोर ज्वारीवर राघू भिरभिरतायत. शेजारच्या मनकर्णा काकू म्हणाल्या, “माय व! कोनाच्या वावरात एवढे राघू आले? हाकला न कोनी!”

मी गाळण्या घेऊन येईपर्यंत कंट्रोलर काकूंच्या हातात. पैठणी सावरून, मांडी घालून, जीभ दातांत धरून त्यांची दांडी फिरतेय. माकड आलं की बटण सोडायचं विसरून तोंडानेच “हाड! हाड!” करतात. बँकेत नोकरीला असलेल्या काकूंनी हिसकावून घेतला. त्यांचा पहिला गोटा मागे गेला. (माझ्यासारखाच! बरं वाटलं.) मग रांग लागली. वाण घ्यायला नव्हे, गोफण फिरवायला! अत्तर लावून घ्यायला हात पुढे करायचा तर हात रिकामा कुठे होता? सहा वाजेपर्यंत माझ्यासमोर कंट्रोलरला हळद लागली. अक्षरशः. दांड्यांच्या खाचांत कुंकू बसलंय, ते आता टाचणीने काढावं लागेल.

एक गोष्ट मान्य करायला हवी, इथे कोणी वाचत नाही म्हणून करते. माउसवर नवा माणूस अर्धा तास नुसता ‘हे कुठे दाबू, ते कुठे दाबू’ करतो. इथे सगळ्यांना पाच मिनिटांत कळलं. फिरव आणि सोड. नेम मात्र कोणाचाच नव्हता. राघू आरामात दाणे टिपत होते.

आई गुलाबदाणी घेऊन फिरत होती. मनकर्णा काकूंच्या मागून जाताना म्हणाली, “एवढी काहून फिरवता? दोन फेरे पुरे. तिसऱ्यात सोडा.” काकूंनी तसं केलं आणि पहिला राघू उडाला! बायकांनी टाळ्या वाजवल्या. धर्मेंद्र आला होता तेव्हा तो असंच काही बोलला असेल, तिने ऐकलं असेल. मला तर सांगितलं नाही त्याने!

बायका गेल्यावर मी आईला म्हटलं, तूही खेळून बघ एकदा. ती म्हणाली, “मले काय कयते त्यातलं,” आणि चहाचे कप गोळा करायला लागली.

माझंच वाक्य माझ्याकडे परत आलं. मी कप उचलू लागले.

२० जानेवारी, सोमवार

नकाराची मेल लिहून ठेवली. सभ्य भाषेत. ‘आमचा गेम अचूक नेमासाठी माउसवरच…’ वगैरे. पाठवली नाही. दोनदा बोट नेलं. राघूंच्या माना आठवल्या.

२२ जानेवारी, बुधवार

कोणीतरी घंटी वाजवली.

मी आज तहसीलला दाखला आणायला गेले होते. चारला परत आले. सहज कन्सोल लावला तर यादीत सगळ्यात वर — ‘खेळाडू १. घंटी : १.’ कन्सोलवर! अंगठ्यांनी! फुली नसताना! यंत्र बिघडलं असणार.

धर्मेंद्रला फोन केला. तू अकोल्याहून काही खोडी केलीस का? “मी राघूच्या चोचीले रंग देऊन राह्यलो. मले टाइम हाय काय?” म्हणाला.

२३ जानेवारी

बाबांना पकडलं. म्हटलं, खरं सांगा, काल दुपारी तुम्ही खेळलात ना? हात आला परत?

बाबांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग पेपरचं पान उलटलं. “मले काय इचारतं? मी तं लायब्ररीत गेलतो.”

लायब्ररीत गेले होते हे खरं निघालं. पण मग तोंड पेपरात का लपवलं?

२४ जानेवारी, शुक्रवार

मी तासभर बाहेर होते. परत आले तर — घंटी : ४!

मी लिहिलेला गेम. मी चाळीसात एकदा. घरात भूत असेल तर त्याचा हात फार चांगला आहे.

२५ जानेवारी, शनिवार

आज सापळा लावला. जेवण झाल्यावर जाहीर केलं की तिवशाला रागिणीकडे चालले, संध्याकाळी येईन. रागिणी मैत्रीण आहे, तिला सांगून ठेवलं होतं की आईने फोन केलाच तर मी तुझ्याकडे आहे. स्कूटी काढली, कोपऱ्यावरून वळवली, मनकर्णा काकूंच्या फाटकात लावली. अर्धा तास त्यांच्याकडे चिवडा खाल्ला. मग मागच्या दाराने, चपला हातात घेऊन, आमच्याच घरात चोरासारखी शिरले.

आई.

चटईवर बसली होती. बाजूला सोल्यांचं अर्धं ताट. पदर कमरेला खोचलेला. कंट्रोलर दोन्ही हातांत, पण आमच्यासारखा घट्ट धरलेला नाही, सैल. डोळे टीव्हीकडेही धड नव्हते, कुठेतरी पलीकडे लांब होते. स्क्रीनवर गोऱ्हा ज्वारीत शिरला. आईचे ओठ हलले — एक, दोन — आणि बोट सुटलं.

टन्न!

मी ओरडले असणार, कारण आई दचकली. कंट्रोलर चटईवर ठेवला, हात पदराला पुसले आणि पहिलं वाक्य काय बोलावं तिने? “काई खराब नाई झालं व! पाह्य, चालू हाय. मी वायरीले हात नाई लावला.”

मी तिथेच चटईवर बसले. लाज वाटली. दोन वर्षं या बाईने घरात माझ्या वायरींना वळसा घालून पाय टाकलेत, आणि मी खोलीत बसून नेमाबद्दल भाषणं देतेय.

मी म्हटलं, आई, माझं चुकलं होतं तेव्हा. काम मीच जपून ठेवलं नव्हतं.

“मले मालूम होतं थे,” आई म्हणाली. “तू रडत होती न, म्हनून काई बोलली नाई मी.”

मग मी विचारलं, हे कुठे शिकलीस?

“शिकाचं काय त्यात? आमच्या वावरात राखनीले मीच असो. भाऊ लहान होते, मंग कोन बसन मचानावर? चार सालं बसली मी. सातवी झाली आन मंग दिवसभर तेच.”

आई-बाबा दोघंही हिवरखेडचे. गाव मोठं, सोयरीक गावातल्या गावात झाली. हे सगळं मला माहीत होतं. पण आई मचाणावर? अठ्ठावीस वर्षांत तिने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण गोफणवाले तर बाबा होते.

आणि मग ओटी आठवली.

“आई, ती घंटीची गोष्ट—”

आईने सोले हातात घेतले. शेंग मोडली. “माहीच होय थे,” ती म्हणाली. “ओटीत एकच गोटा राह्यला होता. गोऱ्हा कोनाचा होता काय मालूम. घंटी वाजली आन पयाला.”

“मग बाबा स्वतःच्या नावावर का सांगतात?”

“यायचं वावर बाजूले होतं, तेथून पाह्यलं असन. मानसायले बढाईची सवय असते व. सांगाले आवडते यायले. मी म्हनलं, सांगू दे. माह्या सांगन्यानं काई गोटा वापस येते काय?”

ती हसली. मला नाही आलं हसू. बाबा गोष्ट काढायचे आणि ती उठून जायची, ते आठवत राहिलं.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी आईने शिकवलं. सगळ्यात आधी म्हणाली, “हातातून ढील दे.” मग म्हणाली, “थे फुली-बिली इसर. नेम का पेनानं खूना करून धरतेत काय? जिकडे टाकाचं तिकडे पाह्य, हात फिरू दे, आन वेयेवर सोड. धरून ठिवलं तं मांगं जाते.” म्हणून माझा गोटा मागे जात होता! मी बटण धरून ठेवते. मी सगळंच धरून ठेवते.

अकराव्या वेळी घंटी वाजली. आई म्हणाली, “हं, जमून राह्यलं.” डिग्री मिळाली तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता.

मी दोन वर्षं गोफण बंदुकीसारखी चालवत होते, हे आता कळतंय. फुली लावा, क्लिक करा. माउसवर तो खेळ अचूक आहे, त्यात वाद नाही. बंदुकीचे गेम माउसवरच असावेत हे मी अजूनही छातीठोकपणे सांगेन, आणि धर्मेंद्रने या पानाचा फोटो काढला तर फाडून टाकेन! पण ‘राखण’ माझ्या टेबलावर राहिली असती तर आई ती कधीच खेळली नसती. गेम उंबरा ओलांडून तिच्या चटईपर्यंत आला, तेव्हा कुठे कळलं की घरात नेमबाज कोण आहे.

धर्मेंद्रला फोन लावला. म्हटलं, हो म्हणून मेल टाकतेय. अट एकच — नेमाला कसलीही मदत द्यायची नाही, खिडकीतून कॉपी बंद! आणि तुझं ते दांडी फिरवणं बरोबर होतं. हे मी पुन्हा म्हणणार नाही, त्यामुळे नीट ऐकून घे.

तो म्हणाला, “काकूले इचार, गोफन वयता येते काय अजून? आवाज खरा भरू.” आई म्हणाली, अंबाडीची दोरी आण, वळून देते. तो पुढच्या आठवड्यात दोरी आणि माइक घेऊन येतोय. पुण्याला नाही म्हणून कळवलं त्याने. मचाणावरच्या पोराची हाफपँट काढून त्याला परकर-पोलकं आणि ओटी द्यायची आहे. म्हणजे त्याला नाही, तिला.

मेल गेली. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. बाबांशी दिवसभर बोलले नाही.

२७ जानेवारी

आजही नाही बोलले. दुसऱ्याची गोष्ट! तीही बायकोची! आणि वर मला ‘म्हनाची पद्धत असते’!

बाबांनी माझ्या ताटात त्यांच्या वाटणीची तिळाची वडी ठेवली. मी परत ठेवली.

२८ जानेवारी, मंगळवार

राहवलं नाही. सकाळी विचारलंच, आईची गोष्ट स्वतःची म्हणून का सांगत राहिलात?

बाबांनी पेपर खाली घेतला नाही. म्हणाले, “गोऱ्हा आमचा होता. घंटी चेपून घरी आला. तुह्या आजोबानं काठी घेतली न इचारलं, कोनं मारला? मंग काय शेजारच्या वावरातल्या पोरीचं नाव सांगू? मी म्हनलं, मीच. एकदा म्हनलं थे म्हनलं.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याही हे कानावर पहिल्यांदाच पडत होतं. हातातली शेंग तशीच.

“लय मारलं काय व तुमाले?”

“सात काठ्या,” बाबा म्हणाले, आणि पान उलटलं.